काटा कुणाच्या हातात

नोकरीच्या ठिकाणी सचोटीने कसे वागावे, साहेबाने कोणता आदर्श घालून द्यावा, हाताखालच्या माणसांना कसे सांभाळावे, यावर आज पुस्तकांना आणि शिबिरांना तोटा नाही. बहुतेकांचा सूर एकच असतो: वरचा माणूस चांगला असला की खालचे आपोआप नीट वागतात. हे म्हणणे खोटे नाही, पण अर्धवट आहे. आणि ते किती अर्धवट आहे हे पाहायचे तर या पुस्तकांपेक्षा वऱ्हाडातल्या कापूस बाजाराचा इतिहास अधिक उपयोगी पडतो. दर्यापूर, अकोट, खामगाव, कारंजा, अमरावती या पट्ट्यात गेली दीडशे वर्षे असंख्य माणसांचे पोट चार कामांवर चालत आले: कास्तकाराने आणलेला कापूस तोलायचा, त्याची प्रत ठरवायची, भाव बांधायचा आणि चुकारा करायचा. यातले एकही काम असे नाही की ज्यात करणाऱ्याला थोडी लबाडी करता येत नाही. या बाजारात माणसे कधी नीट वागली आणि कधी नाही, याचा माग काढत गेले की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. वागणूक सुधारली ती कुणी मोठा माणूस येऊन उपदेश करून गेला म्हणून सुधारली नाही. एकाच माणसाच्या हाती असलेली दोन कामे वेगळी केली गेली आणि झाकून होणारा व्यवहार उघड्यावर आला, तेव्हा ती सुधारली.

दर्यापूर तालुका म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट, काळी, भारी जमीन. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ही माती पऱ्हाटीला मानवते, पण खालचे पाणी खारे. विहीर खणली तरी ओलिताला तिचा उपयोग नाही. खारपाणपट्ट्यातल्या कास्तकाराला म्हणूनच पावसावरचे पीक, आणि त्यातही रोख पैसा देणारा कापूस, हाच आधार. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू व्हायची तेव्हा घरातली शिल्लक संपलेली असायची. सावकाराचे व्याज आणि सरकारी सारा दोन्ही दाराशी उभे. कापूस घरात भरून ठेवावा आणि भाव चढल्यावर विकावा, ही चैन त्याला परवडणारी नव्हती. विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला सवड, हा फरक जिथे असतो तिथे तराजू बिघडलेला नसला तरी झुकतोच. त्यात १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने मँचेस्टरला जाणारा अमेरिकेचा कापूस अडला आणि १८६७ पर्यंत जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात इथला माल उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जाऊ लागला. पुढे १९१३ साली मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रूळमार्गाची गाडी, लोकांची शकुंतला, दर्यापूरच्या बनोसा स्थानकावरून धावू लागली. आज ती बंद आहे, पण ती टाकली होती कापसासाठीच.

गाडीवाटेने कापूस बाजारात आला की पुढे काय व्हायचे हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कास्तकाराचा माल अडत्याकडे उतरे. अडत्या हा त्याचा माणूस, त्याच्यासाठी भाव काढणारा, म्हणून अडत घेणारा. पण हाच अडत्या पुष्कळदा खरेदीदाराचाही माणूस असे, कारण कास्तकार वर्षातून दोनचारदा यायचा आणि खरेदीदाराशी रोजचा संबंध. भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि व्यापारी कापडाआड एकमेकांची बोटे दाबून आकडे सांगत, आणि ज्याचा माल विकला जात होता तो शेजारी उभा राहून दोघांच्या चेहऱ्याकडे पाहत राही. किती बोली लागल्या, सर्वात वरची कोणाची होती, हे त्याला कधीच कळत नसे. मग तोल. तोलणारा मापारी पेढीशी बांधलेला, वजने पेढीची. आणि शेवटी कटती: अडत, दलाली, तोलाई, हमाली यांच्या जोडीला धर्मादाय, गोरक्षण, नमुन्यासाठी काढलेला कापूस, ओलीबद्दलची सूट. धर्मादाय व्यापाऱ्याच्या नावाने दिला जाई आणि कापला जाई कास्तकाराच्या हिशेबातून. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होत होते हा प्रश्न धर्मशास्त्र्यांनी सोडवावा. पायलीने धान्य मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो. ही रीत मंगल आहे यात शंका नाही, पण लाभ कुणाचा हे पायली धरणाराच ठरवत असे.

यातली सगळी माणसे दुष्ट होती असे मानायचे कारण नाही. मापाऱ्याचे पोट पेढीवर होते. पेढीचे नुकसान करून परक्या कास्तकाराला पुरते माप देणे म्हणजे उद्याच्या भाकरीवर पाणी सोडणे. अडत्याला दोन धनी होते आणि त्यातला एक रोजचा. मुनिमाने कटती लिहिली नाही तर शेठ विचारणार, आणि लिहिली तर कास्तकार विचारणार नाही, कारण त्याला वाचता येत नाही. प्रत्येकाची वागणूक त्याच्या जागेवरून समजण्यासारखी आहे. म्हणूनच तिच्यावर उपदेशाचा उपाय चालत नाही.

सरकारला आधी हे उमगले नाही, किंवा उमगून घ्यायचे नव्हते. मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील भेसळ रोखण्यासाठी कायदा झाला. त्याचा सगळा भर निरीक्षक नेमून गुन्हेगार पकडण्यावर. रुईत सरकी, माती, पाणी घालून मँचेस्टरला फसवणारा त्यात गुन्हेगार होता; मापात कास्तकाराला फसवणाऱ्याबद्दल या कायद्याला फारशी आच नव्हती. वाईट माणूस शोधा आणि शिक्षा करा, ही त्यामागची समजूत. व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेत हा कायदा रखडत चालला आणि मागे पडला. वऱ्हाडात वाट निराळी निघाली. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या आदेशाने कारंज्याला, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यात, नियमन केलेला कापूस बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला तो पहिला मानला जातो. त्याच धर्तीवर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. एखादी जागा बाजार म्हणून जाहीर करायची, तिथल्या व्यवहारावर देखरेख करायला समिती नेमायची, दलाल आणि मापारी यांना परवाना घ्यायला लावायचे, ठरल्या अंतरात दुसरा बिनपरवाना बाजार भरू द्यायचा नाही, असा त्याचा सांगाडा. कायदा कोरडा आहे आणि त्यात सचोटी या गुणाची स्तुती करणारे काही नाही. पण परवाना या एका गोष्टीने मापाऱ्याची जागा बदलली. आतापर्यंत तो पेढीचा माणूस होता. आता त्याची रोजी समितीच्या कागदावर अवलंबून राहिली, आणि तो कागद काढून घेता येत होता. त्याच्या मनात काय चालले आहे याच्याशी कायद्याला देणेघेणे नव्हते. त्याला दुसऱ्या कुणाला तरी उत्तर द्यावे लागेल एवढी सोय झाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो बरोबरही आहे. हे सारे इंग्रजांनी लँकेशायरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात मिळावा म्हणून केले. दर्यापूरच्या कास्तकारावर त्यांचे प्रेम उतू चालले नव्हते. समितीत व्यापाऱ्यांचेच वजन होते. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला मारक नसून पूरक आहे. ज्यांचा हेतू कास्तकाराचे भले करण्याचा नव्हता त्यांच्या व्यवस्थेतूनही त्याला जेवढा फायदा झाला तेवढा झालाच, कारण व्यवस्थेची बांधणी हेतूपेक्षा जास्त टिकते. आणि जो फायदा झाला नाही तो नेमका बांधणीत जिथे भोक राहिले होते तिथे झाला नाही. १९२६ साली नेमलेल्या आणि १९२८ साली अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या बाजारपद्धतीची दखल घेतली, देशभर असे बाजार असावेत असे सुचवले. पण या बाजारांच्या कारभारात शेतकऱ्याला पुरेसे स्थान नाही हेही दाखवून दिले. तक्रार ऐकणारेच ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचे सोबती असतील, तर परवाना रद्द कोण करणार? १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकाला समितीत जागा देण्याची वाट काढली होती. तिथून पुढे स्वातंत्र्यानंतर १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा आला. त्याखालच्या बाजार समितीची रचना दीर्घकाळ अठरा जणांची राहिली: सहकारी संस्थांतून अकरा, ग्रामपंचायतींतून चार, व्यापारी-अडत्यांचे दोन आणि हमाल-मापाऱ्यांचा एक. शेवटच्या एका जागेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण ज्याच्या खांद्यावर बाजार चालतो त्यालाही कारभारात बसण्याची जागा असावी, ही गोष्ट बाजार समितीच्या रचनेत आली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. हमालाची मजुरी मालकाच्या हातून थेट न जाता मंडळामार्फत जाईल अशी तजवीज करून, मजुरी आणि मर्जी यांची गाठ त्याने सोडवली.

दुसरा आक्षेप जास्त कसदार आहे. परवाने आणि समित्या नव्हत्या तेव्हाही पेढ्या चालत होत्या ना? खामगावच्या पेढीची हुंडी मुंबईत सकारली जाई ती केवळ साखीवर. शब्द हाच करार, आणि तो मोडणाऱ्याचे नाव बाजारातून उठे. मग आज आपण ज्याला व्यावसायिक नीती म्हणतो ती कायद्याविना उभी होतीच की. होती, आणि तिच्याबद्दल आदर वाटावा अशीच होती. पण ती कुणाकुणात होती हे पाहिले पाहिजे. साख चालते ती ज्यांना एकमेकांची रोज गरज आहे, आणि जे एकमेकांचे नाव बुडवू शकतात, त्यांच्यात. शेठ दुसऱ्या शेठजीशी बोलाचा पक्का असे, कारण तो फिरला तर दुसरा त्याला मुंबईपर्यंत बदनाम करू शकत होता. आसेगावच्या नाहीतर येवद्याच्या कास्तकाराच्या हातात असे काहीच नव्हते. फार तर तो पुढल्या वर्षी दुसऱ्या अडत्याकडे गेला असता, आणि तोही तसाच. म्हणून हुंडीत पै-पैचा चोख असणारा माणूस काट्यावर बेफिकीर असू शके आणि त्यात त्याला विसंगती वाटत नसे. बरोबरीच्या लोकांशी वागताना दिसणारी सचोटी खालच्या माणसाशी वागताना टिकते का, ही खरी कसोटी आहे. आजच्या कचेऱ्यांतही ग्राहकाशी आणि भागीदाराशी अत्यंत सभ्य असणारा साहेब कंत्राटी कामगाराशी कसा बोलतो हे पाहिले की ही कसोटी जुनी झालेली नाही हे कळते.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या युक्तिवादाला खरोखर अडचणीत आणतो. बांधणीच सारे करत असेल, तर सगळ्यात पक्की बांधणी केली तेव्हा काय झाले? महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली. व्यापारी मधून काढून टाकला. सरकारच्या वतीने पणन महासंघ एकटाच खरेदीदार. अडत्याचे दोन धनी, रुमालाखालचे भाव, धर्मादाय कटती हे सगळे एका फटक्यात संपले. हेतूही कास्तकाराच्या भल्याचा होता आणि हमीचा आधार त्याला मिळालाही. पण योजना जुनी होत गेली तशी संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागू लागली, चुकाऱ्याला उशीर होऊ लागला आणि कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर हा केंद्रावरचा सर्वात मोठा माणूस झाला. शेवटी २००२ च्या सुमारास एकाधिकाराची सक्ती संपली. नियम होते, नोंदी होत्या, शासनाचे शिक्के होते. मग चूक कुठे? मला वाटते ती तिथेच होती जिथे शंभर वर्षांपूर्वी होती. प्रत ठरवणारा आणि विकत घेणारा पुन्हा एक झाले. घेणारा व्यापारी असो की सरकार, मालाची प्रत त्याच्याच नोकराने ठरवायची आणि त्यावर दाद त्याच्याच वरिष्ठाकडे मागायची, हे जुळत नाही. त्यातून कास्तकाराला दुसरीकडे जाण्याची मोकळीकही गेली. नियम वाढले की बांधणी पक्की होतेच असे नाही; कधी कधी वाढलेले नियम एकाच हाताला बळ देतात. या आक्षेपातून मी एवढे शिकतो की कामे वेगळी करणे आणि नियम वाढवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार सहज होते.

एवढे बोलल्यावर कुणी गाडगेबाबांचे नाव घेईल, आणि घ्यायलाच हवे. त्यांचा जन्म १८७६ साली तेव्हाच्या दर्यापूर तालुक्यातल्या शेंडगावचा, वाढले ते मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे. मामा चंद्रभानजींची जमीन सावकारी कर्जात गेली ती हकीकत त्यांच्या चरित्रांत आहेच. चारित्र्याच्या बळावर माणसे बदलणारा नेता हवा असेल तर वऱ्हाडात याहून मोठे उदाहरण नाही: गावात शिरताच आधी हातात खराटा, मग रात्री कीर्तन, आणि पाया पडू पाहणाऱ्याला चार हात लांब ठेवणे. लाखोंच्या देणग्या त्यांच्या हातून गेल्या आणि झोपायला चटई राहिली. मग बांधणीचे काय? पण बाबांनी आपल्या संस्थांचे जे केले ते त्यांच्या भक्तांपेक्षा व्यवस्थापकांनी जास्त अभ्यासायला हवे. धर्मशाळा उभ्या राहिल्या की कारभार विश्वस्तांकडे सोपवून ते मोकळे होत. आपल्या नात्यागोत्याच्या कुणाचा या संस्थांवर हक्क नाही, हे त्यांनी बजावून ठेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्याच्या सचोटीबद्दल कुणाला तिळमात्र शंका नव्हती, त्याने स्वतःच आपल्या सचोटीवर संस्था टांगून ठेवली नाही. आपल्या माघारी येणारा माणूस आपल्यासारखा असेलच असे गृहीत धरण्याइतके ते भोळे नव्हते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण फार जुने नाही. सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीला २००८ साली उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनी हिशेब वर्षानुवर्षे फुगवल्याची कबुली दिली. नेतृत्वाचे गुण पाहून पुरस्कार देणाऱ्यांना तिथला काटा कुणाच्या हातात आहे हे पाहावेसे वाटले नव्हते. त्यानंतर २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठराविक वर्षांनी बदलण्याची सक्ती केली, म्हणजे मापाऱ्याला पेढीचा होऊ दिले नाही. त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यातल्या अंतर्गत समितीत बाहेरचा एक सदस्य असलाच पाहिजे. हा बाहेरचा सदस्य म्हणजे वऱ्हाडच्या पहिल्या समित्यांत जो नव्हता तो माणूस. बाकी कचेऱ्यांत मात्र वार्षिक मूल्यमापनाची प्रत अजून बहुतेक ठिकाणी एकटा वरिष्ठच ठरवतो, त्याच वरिष्ठाच्या स्वतःच्या बढतीसाठी त्याच्या चमूचे आकडे मोजले जातात, आणि तक्रार जाते ती त्याच्याच वरच्याकडे. यात कुणी लबाडी करतेच असे नाही. रुमालाखाली दाबलेले प्रत्येक बोटही लबाड नव्हते.

आज दर्यापूर भागात कापूस बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरने आणि पिकअपने जातो, पुष्कळदा थेट जिनिंगच्या आवारात. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते आणि आकडा सगळ्यांना दिसतो; त्या बाबतीत शंभर वर्षांची तक्रार बरीचशी मिटली. भांडण सरकले आहे ओलाव्याकडे. कॉटन कॉर्पोरेशनच्या हमीभाव खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, आणि बारावर माल परत. मोजायला यंत्र आहे, आकडाही उजेडात आहे. पण यंत्राचे टोक गाडीतल्या वरच्या उन्हात वाळलेल्या थरात खुपसायचे की तळाच्या दमट कापसात, किती ठिकाणी खुपसायचे, आणि ते खुपसणारा कुणाचा माणूस, यावर आवारात अजूनही आवाज चढतात.